पापुद्रे सुटलेली स्वयंपाकघराची कपाटे: पुन्हा रंगवण्याची रीत

घरातल्या इतर कोणत्याही लाकडी सामानापेक्षा स्वयंपाकघरातील कपाटांचा रंग लवकर जातो. फोडणीची वाफ, तेलाचा चिकट थर, ओले हात, सिंकखालची ओल आणि शेगडीजवळची धग अशी सगळी कारणे तिथे एकत्र येतात. रंगाचा पापुद्रा सुटतो, म्हणजे खालच्या पृष्ठभागावरची त्याची पकड गेलेली असते. अशा सैल थरावर कितीही चांगला रंग दिला, तरी जुना थर सुटताना नव्यालाही सोबत घेऊन जातो. म्हणून पृष्ठभाग कोणता आहे हे ओळखणे, रंग सुटण्याचे कारण दूर करणे, सैल थर काढून नवी पकड तयार करणे आणि मग रंग देणे, या क्रमानेच काम करावे लागते. यात सर्वांत कमी वेळ प्रत्यक्ष रंगाला लागतो.

पृष्ठभाग ओळखणे

बुलडाणा जिल्ह्यातील घरांत साधारणपणे चार प्रकारची कपाटे आढळतात. जुन्या धाब्याच्या घरांत आणि वाड्यांत भिंतीतली फडताळे असतात. त्यांची दारे बहुधा सागवानी किंवा इतर भरीव लाकडाची असून त्यांवर ऑइलपेंटचे थरावर थर चढलेले असतात. नंतरच्या स्लॅबच्या घरांत ओट्याखाली प्लायवुडची दारे आली. काहींवर रंग असतो, काहींवर लॅमिनेट, म्हणजे सर्वसाधारण बोलण्यातला सनमायका. अलीकडच्या मॉड्युलर किचनमध्ये पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ वापरतात आणि त्यावर लॅमिनेट किंवा गरम करून चिकटवलेला पीव्हीसीचा पातळ पडदा असतो. चौथा प्रकार पत्र्याच्या कपाटांचा.

ओळख पटवण्यासाठी दाराची बिजागरी सोडवून तिच्या स्क्रूच्या भोकात आणि दाराच्या खालच्या कडेला पाहावे. लाकडाचे एकावर एक चिकटवलेले पदर दिसले तर प्लायवुड, दाबून बसवलेला जाडसर भुसा दिसला तर पार्टिकल बोर्ड, पुठ्ठ्यासारखा एकसंध बारीक तंतूंचा गर दिसला तर एमडीएफ. वरचा थर नखाने उचलून पाहिल्यावर रबरासारखा ताणला गेला तर तो पीव्हीसीचा. कडक असून तुकडा पडला तर लॅमिनेट किंवा रंग. लॅमिनेटची कड वेगळ्या, बहुधा गडद रेषेसारखी दिसते.

प्लायवुडच्या मागच्या बाजूला शिक्का असेल तर तोही वाचावा. आयएस ३०३ हे सर्वसाधारण वापराच्या प्लायवुडचे भारतीय मानक आहे, तर आयएस ७१० हे सतत ओल सोसणाऱ्या मरीन प्लायवुडचे. सिंकखाली ३०३ चे साधे प्लायवुड लावलेले असेल, तर तिथला रंग पुन्हा पुन्हा सुटण्यामागे तेही एक कारण असू शकते.

रंग का सुटतो

कारण बहुधा पापुद्र्याच्या जागेवरूनच कळते. सिंकच्या खाली आणि दाराच्या तळकडेला रंग फुगून सुटत असेल तर कारण पाणी आहे: गळका नळ, वेस्ट पाइपचा सैल सांधा किंवा ओट्याच्या ग्रॅनाइटमधून झिरपणारे पाणी. शेगडीच्या आजूबाजूला पीव्हीसीचा पडदा आक्रसून कडेने उचलला असेल तर ते धगीचे काम. मुठीभोवती रंग झिजून गेला असेल तर ती रोजच्या हाताळणीची झीज असते. तिथे घासणे आणि नवा हात देणे पुरते. पण सगळ्या दारावरून मोठमोठे पापुद्रे निघत असतील, तर मागच्या वेळी गुळगुळीत किंवा तेलकट पृष्ठभागावर न घासताच रंग दिलेला असतो.

भिंतीतल्या फडताळांच्या बाबतीत ओल पाठीमागच्या भिंतीतून येते. काळ्या मातीवरची घरे पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात जमीन फुगल्या-आकसल्याने तडकतात आणि तडांतून पाणी आत शिरते. अशी भिंत आधी दुरुस्त करावी आणि पूर्ण वाळू द्यावी. लाकडावर टकटक केल्यावर पोकळ आवाज आला किंवा मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर ती वाळवी आहे. तिचा बंदोबस्त झाल्याशिवाय रंगाचा डबा उघडू नये.

काय रंगवावे, काय बदलावे

भरीव लाकूड आणि पदर शाबूत असलेले प्लायवुड बिनधास्त रंगवावे. प्लायवुडचे पदर कडेला थोडेसे सुटले असतील तर त्यांत लाकूडकामाचा गोंद भरून, शिकंजात दाबून एक दिवस ठेवल्यास ते पुन्हा बसतात. पार्टिकल बोर्ड पाण्याने फुगला असेल तर मात्र तो पुन्हा पूर्ववत होत नाही. वाळल्यावरही त्याचा भुसा सैलच राहतो आणि बिजागरीचे स्क्रू त्यात धरत नाहीत. असे दार किंवा फळी बदलणेच स्वस्त पडते. एमडीएफ फक्त कडेला थोडा फुगला असेल तर घासून सपाट करता येतो. मधोमध फुगला असेल तर बदलावा.

लॅमिनेटचा प्रश्न वेगळा आहे. ते एका कोपऱ्यातून सुटले असेल आणि बाकी घट्ट असेल, तर रंगाऐवजी आतली धूळ काढून ते पुन्हा चिकटवावे. सगळेच उचलले असेल तर ते पूर्ण काढून खालचे प्लायवुड रंगवता येते किंवा नवे लॅमिनेट लावता येते. घट्ट बसलेल्या पण डागाळलेल्या लॅमिनेटवर रंग देता येतो. मात्र त्याचा पृष्ठभाग अत्यंत कठीण आणि छिद्ररहित असल्याने रंगाची पकड पूर्णपणे घासण्यावर आणि प्रायमरवर अवलंबून राहते.

ऋतू आणि जागा

जिल्ह्याचे दोन भाग हवामानाने वेगळे आहेत. बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा हा घाटावरचा भाग काहीसा सौम्य, तर मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हा घाटाखालचा पूर्णेच्या खोऱ्याचा भाग उन्हाळ्यात चाळिशीपार तापतो. इतक्या तापात रंग कुंचल्याखालीच सुकू लागतो, कुंचल्याचे ओरखडे तसेच राहतात आणि वाऱ्याबरोबर उडणारी धूळ ओल्या रंगावर बसते. पावसाळ्यात याच्या उलट अडचण होते: दमट हवेत रंग वाळायला वेळ लागतो आणि एनसी लॅकरसारख्या थिनरच्या रंगावर पांढुरकी साय धरते. दसऱ्यानंतर पाऊस पूर्ण ओसरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ या कामाला सर्वांत चांगला. दिवाळीसाठी काम करायचे असेल, तर शेवटचा हात आणि पहिला दिवा यांत किमान आठवडा-दहा दिवसांचे अंतर राहील असा बेत करावा. थंडीत सकाळी लाकूड गार असते, म्हणून ऊन वर आल्यावर सुरुवात करून दुपारपर्यंत हात पुरा करावा. एप्रिल-मेमध्येच काम करणे भाग असेल तर पहाटे करावे.

दारे काढून ओसरीत किंवा सावलीतल्या मोकळ्या जागेत रंगवावीत. उभ्या दारावर रंग ओघळतो, आडव्या दारावर समतल बसतो. उन्हात वाळत घालणे टाळावे. वरचा थर लवकर सुकून खालचा ओला राहिला की फोड येतात.

साहित्य

लागणाऱ्या गोष्टी तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात: पत्र्याची खरवडणी, ८०, १२०, २२० आणि ३२० नंबरचे पॉलिश पेपर, त्यांतले २२० आणि ३२० पाण्यात वापरायचे वॉटर पेपर, दोन इंची आणि एक इंची कुंचला, फोमचा चार इंची रोलर, कागदी टेप, धुण्याचा सोडा किंवा भांड्यांचा साबण, टर्पेंटाइन, लाकडाचे प्रायमर, लांबी (लाकडाची पुट्टी) आणि रंग.

अंदाज क्षेत्रफळावरून काढावा. दहा फुटी ओट्याखालची दारे साधारण सव्वादोन फूट आणि वरची दोन फूट उंच धरली, तर पुढची बाजू सुमारे ४३ चौरस फूट होते. दारांची मागची बाजू, कडा आणि चौकटी धरून ते १०० चौरस फुटांच्या आसपास जाते. एका लिटर इनॅमलमध्ये साधारण १०० ते १२० चौरस फुटांचा एक हात होतो, म्हणून दोन हातांसाठी दोन लिटर रंग आणि एका हातासाठी एक लिटर प्रायमर पुरते.

लाकडी दारांसाठी दोन प्रकारचे रंग सहज मिळतात. तेलाचे इनॅमल टिकाऊ आणि चकचकीत असते, पण वास जास्त आणि वाळायला वेळही जास्त. पाण्यात मिसळणारे इनॅमल लवकर वाळते, वास कमी येतो आणि पांढरा रंग पांढराच राहतो. तेलाचे पांढरे इनॅमल कपाटाच्या आत, जिथे उजेड पोचत नाही तिथे, अधिक लवकर पिवळे पडते. म्हणून आतल्या बाजूला पांढरा रंग हवा असेल तर पाण्याचे इनॅमल घ्यावे.

तेलाच्या रंगाचे वाळणे म्हणजे नुसते पातळ द्रव उडून जाणे नव्हे. त्यातले तेल हवेतला प्राणवायू घेऊन कडक होते. वऱ्हाडात चटणीत जाणाऱ्या जवसाचे तेल याच गुणामुळे पूर्वापार लाकडाला लावले जाई आणि रंगातही घातले जाई. पातळ हात लवकर आणि घट्ट का बसतो याचे कारणही हेच: जाड थराच्या आत प्राणवायू पोचत नाही, वरची कातडी कडक होते आणि आतला रंग आठवडाभर मऊ राहतो.

पहिली पायरी: उतरवणे आणि धुणे

सामान काढून दारे, ट्रॉलीची पुढची फळी, मुठी आणि बिजागऱ्या सोडवाव्यात. प्रत्येक दाराच्या मागे आणि त्याच्या चौकटीवर एकच क्रमांक टाकावा. दारे एका मापाची दिसली तरी बिजागऱ्यांची भोके सहसा जुळत नाहीत. स्क्रू वेगवेगळ्या पिशव्यांत क्रमांकासह ठेवावेत.

त्यानंतर तेलकटपणा काढावा. हे काम घासण्याच्या आधीच करायचे असते; तसे न केल्यास पॉलिश पेपर तेल लाकडात आणखी आत दाबतो. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा मिसळून स्पंजने पुसावे, पाच मिनिटे थांबून पुन्हा पुसावे आणि स्वच्छ पाण्याने दोनदा धुऊन काढावे. सोड्याचा अंश राहिला तर तोही रंगाची पकड सोडवतो. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डवर पाणी ओतू नये, पिळलेल्या फडक्यानेच पुसावे. सोडा किंवा पाण्यातले क्षार राहिले आहेत का हे ओळखण्यासाठी वाळलेल्या पृष्ठभागावर काळे सुती फडके फिरवावे. पांढरी भुकटी लागली तर पुन्हा पुसावे.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, विशेषतः संग्रामपूर, जळगाव जामोद आणि शेगाव या बाजूच्या गावांत, याकडे अधिक लक्ष द्यावे लागते. तिथल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात. या पाण्याने धुतलेले दार वाळले की त्यावर क्षारांचा पातळ थर उरतो, आणि हवेत ओल वाढली की तोच थर पाणी खेचून रंगाखाली फोड आणतो. पहिल्या धुण्याला बोअरचे पाणी चालते, पण शेवटचे पुसणे पिण्याच्या जारच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने करावे. पाण्याचे इनॅमल पातळ करायलाही तेच पाणी वापरावे.

दुसरी पायरी: सैल थर काढणे

खरवडणी तिरकी धरून, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, सुटलेला रंग काढावा. जो रंग खरवडणीने निघत नाही तो राहू द्यायला हरकत नाही. तो खरोखर घट्ट आहे का, याची परीक्षा सोपी आहे. ब्लेडने फुलीसारखी चीर द्यावी, तिच्यावर चिकटपट्टी घट्ट दाबावी आणि एका झटक्यात ओढावी. पट्टीबरोबर रंगाचे तुकडे आले तर तो सगळा थर काढावा लागतो. काही आले नाही तर त्यावर नवा रंग देता येतो.

जुन्या फडताळांचा रंग कोरडा घासू नये. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवण्याची सक्ती भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या छटांत, शिसे असण्याची शक्यता धरून चालावे. असे थर वॉटर पेपरने ओले करून घासावेत किंवा रंग काढण्याचे रसायन लावून मऊ करून खरवडावेत. ते जाळून काढू नयेत. खाली जुने प्लॅस्टिक अंथरावे, पापुद्रे गोळा करून पिशवीत बांधावेत आणि लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना त्या जागेपासून दूर ठेवावे. धूळ झाडूने न उडवता ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

पीव्हीसीचा पडदा काढण्यासाठी केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा कोपऱ्यावर द्यावी आणि मऊ झालेला पडदा हळूहळू ओढावा. खाली राहिलेला चिकट थर खरवडून १२० नंबरने घासावा.

सैल थर गेल्यावर उरलेल्या रंगाच्या कडा जाणवेनाशा होईपर्यंत आधी ८० किंवा १२०, मग २२० नंबरने घासाव्यात. घट्ट राहिलेल्या चकचकीत रंगाचीही चमक पूर्ण जायला हवी. लॅमिनेट १२० ते १५० नंबरने घासून त्यावर सर्वत्र बारीक ओरखडे आणावेत. सागवानात नैसर्गिक तेल असते आणि ते रंगाच्या वाळण्यात अडथळा आणते, म्हणून उघड्या सागवानी भागावरून प्रायमरच्या थोडे आधी थिनरचे फडके फिरवावे.

तिसरी पायरी: लांबी आणि प्रायमर

भिंतीला लावायची पांढऱ्या सिमेंटची पुट्टी लाकडावर वापरू नये. लाकूड ऋतूप्रमाणे थोडे फुगते आणि आकसते. सिमेंटची पुट्टी ताठ असल्याने तडकून पडते आणि वरचा रंगही नेते. रंगारी लाकडासाठी वापरतात ती लांबी खडूची भुकटी तेलात किंवा वार्निशमध्ये मळून केलेली असते. ती किंवा तयार वूड फिलर घ्यावे. सिंकजवळच्या कडा आणि सैल झालेली स्क्रूची भोके यांत दोन भागांची एपॉक्सी पुट्टी भरावी.

क्रमही महत्त्वाचा आहे. उघड्या लाकडावर आधी प्रायमरचा पातळ हात द्यावा आणि मग लांबी भरावी, नाहीतर कोरडे लाकूड लांबीतले तेल शोषून घेते आणि लांबी भुसभुशीत होते. लांबी एका जाड थरात न भरता दोन पातळ थरांत भरावी, वाळल्यावर २२० नंबरने घासावी आणि भरलेल्या जागांवर पुन्हा प्रायमर लावावे.

प्रायमर पृष्ठभागाप्रमाणे निवडावे. भरीव लाकूड आणि प्लायवुडला साधे वूड प्रायमर पुरते. एमडीएफला पाण्याचे प्रायमर लावल्यास तंतू उभे राहतात, म्हणून तेलाचे किंवा थिनरचे प्रायमर घ्यावे. एमडीएफच्या कडा स्पंजासारखे प्रायमर शोषतात, तिथे दोन-तीन हात द्यावेत. लॅमिनेटवर साधे प्रायमर धरत नाही. त्यासाठी गुळगुळीत पृष्ठभागाला चिकटणारे खास प्रायमर किंवा दोन भागांचे एपॉक्सी प्रायमर लागते. एखाद्या आतल्या दाराच्या कोपऱ्यावर ते लावून, दोन दिवसांनी फुलीची परीक्षा करून मगच सगळे काम हाती घ्यावे.

पत्र्याच्या कपाटाचा गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकाकता पत्रा दिसेपर्यंत काढावा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर लावावे. उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर खारपाणपट्ट्यातल्या स्वयंपाकघरात सकाळपर्यंत पुन्हा तांबूस होऊ शकतो.

चौथी पायरी: रंग

डबा तळापासून ढवळावा, जोराने हलवू नये. बुडबुडे पृष्ठभागावर उमटतात. ओतलेला रंग जुन्या नायलॉनच्या मोज्यातून किंवा पातळ फडक्यातून गाळून घ्यावा. आधी कडा आणि नक्षीच्या खोबणी एक इंची कुंचल्याने, मग सपाट भाग फोमच्या रोलरने करावा. रोलर नसेल तर कुंचला आधी आडवा आणि शेवटी लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलका फिरवावा. सुकू लागलेल्या जागी पुन्हा हात फिरवू नये. मागची बाजू आधी रंगवावी आणि ती वाळल्यावर पुढची.

तेलाचे इनॅमल चार-सहा तासांत हाताला लागेनासे होते, पण दुसरा हात दुसऱ्या दिवशीच द्यावा. मधे ३२० नंबरने हलके घासून धूळ पुसावी. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा केव्हाही चांगले. तेलाच्या इनॅमलवर थिनरचा एनसी किंवा पीयू रंग देऊ नये. तीव्र थिनरने खालचा थर सुरकुततो आणि सुटतो.

दाराची खालची कड आणि सिंकच्या पाइपसाठी पाडलेली भोके बहुतेक वेळा कोरी राहतात. पाणी तिथूनच शिरते, म्हणून त्या जागांना प्रायमर आणि रंगाचे दोन्ही हात न चुकता द्यावेत.

सावधगिरी

टर्पेंटाइन आणि थिनरची वाफ पेट घेते. स्वयंपाकघरात चौकटी रंगवायच्या असतील तर गॅसचा रेग्युलेटर बंद करून सिलिंडर बाहेर ठेवावा, देवघरातला दिवा विझवावा आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. त्या काळात स्वयंपाक दुसरीकडे करावा. तेलाच्या रंगाने माखलेले फडके गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना ते तापतात आणि आपोआप पेटू शकतात. ते पाण्यात बुडवावेत किंवा बाहेर पसरून वाळवावेत. उरलेले थिनर मोरीत किंवा विहिरीजवळ ओतू नये; डब्यात झाकून ठेवल्यास गाळ खाली बसतो आणि वरचे पुन्हा कुंचले धुण्यासाठी वापरता येते.

बसवणे आणि निगा

रंग हाताला कोरडा लागला तरी तो पूर्ण कडक व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. दारे दोन-तीन दिवसांनी बसवता येतात, मात्र पहिला आठवडा ती किंचित उघडी ठेवावीत, नाहीतर चौकटीला चिकटून रंग सोलला जातो. दार बंद होते तिथे पातळ रबरी टिकल्या लावाव्यात. आतल्या फळ्यांवर धान्य, पापड किंवा लोणच्याच्या बरण्या वास पूर्ण गेल्यावरच ठेवाव्यात.

पहिला महिनाभर दारे फक्त ओल्या फडक्याने पुसावीत. नंतर आठवड्यातून एकदा सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून लगेच कोरडी करावीत. घासणीचा काथ्या, राख किंवा कडक पावडर वापरू नये. शेगडीलगतच्या दाराला धग लागत असेल तर मधे पत्र्याची पट्टी लावावी. सिंकखालची कपाटे पावसाळ्यात अधूनमधून उघडी ठेवून आतला पाइप हाताने चाचपावा. मुठीजवळ किंवा कडेला टवका उडालेला दिसला, तर तेवढीच जागा घासून, प्रायमर आणि रंगाचा छोटा हात लगेच द्यावा, म्हणजे पाणी आत शिरून सगळा थर उचलला जाणार नाही. त्यासाठी उरलेल्या रंगाची एक छोटी बाटली, रंगाचा क्रमांक लिहून आणि झाकण घट्ट लावून, घरात ठेवावी.